पुढचा डिफ

मितेश भोईरने ती गाडी घेतली तेव्हा ती आपली धाकटी बहीण चालवेल, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

शीळफाट्याजवळच्या त्यांच्या गावात दारासमोर मोठी गाडी नाही असं घर शोधावं लागतं. शेतं गेली, तिथे टॉवर आले आणि अंगणात गाड्या आल्या. मितेशची गाडी त्यातही वेगळी. जुनी जपानी सेडान, चारही चाकांना ताकद देणारी, आधीच्या मालकाने मोठा टर्बो बसवलेली. गावात हळद असली की मितेश ती डीजेच्या पुढे नेऊन उभी करायचा आणि सायलेन्सरमधून बार काढायचा. पोरं मोबाइल वर करून नाचायची. गाडीचा उपयोग तेवढाच होता.

एकदा त्याने हौसेने खालापूरकडच्या एका स्पर्धेत नाव घातलं. माळावर मातीचा ट्रॅक, एकेक गाडी सुटणार, कमी वेळ लावेल तो जिंकणार. पण आदल्या आठवड्यात अंडरआर्म क्रिकेटच्या मॅचमध्ये कॅच घेताना त्याचं मनगट मोडलं. तेव्हा गाडीचं काम बघणारा सिद्धेश त्याला म्हणाला, "समृद्धीला बसव ना. माझ्यापेक्षा बरी चालवते ती."

मितेश हसला होता. पण त्याने बसवलं, आणि समृद्धी महिलांच्या गटात पहिली आली. पुढच्या वेळी तर सगळ्यांत मिळून तिसरी. ट्रॉफी घेताना मितेश तिच्या बाजूला उभा राहिला, फोटो त्याने स्वतःच्या नावावर टाकला. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला गाडी हवी होती, ती मिळत होती.

समृद्धी आणि सिद्धेश डिप्लोमाला एका वर्गात होते. सिद्धेश डोंबिवलीचा. त्याचे वडील जगन तिथल्याच एका केमिकल कंपनीत राबले आणि खोकला घेऊन घरी बसले. सिद्धेशला स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत भोईरांचे गाळे होते. भाडं, दुरुस्ती, भाडेकरू, सगळा कारभार समृद्धीच बघायची. तिने बापाकडे शब्द टाकून सिद्धेशला त्यातला कोपऱ्यावरचा गाळा मिळवून दिला. तेव्हापासून तिचा रविवार तिथेच जायचा.

दुसऱ्या वर्षी इंजिनाची ताकद आणखी वाढवली आणि गाडीची खोड उघडी पडली. वळणातून बाहेर पडताना गॅस दिला की आतल्या बाजूचं पुढचं चाक नुसतं जागेवर फिरायचं. माती उडायची, आवाज यायचा आणि गाडी पुढे सरकायची नाही.

"डिफ बदलायला लागतील," ती घरी म्हणाली.

तिची आई ठमाबाई भाकऱ्या थापत होती. "ते काय असतंय गो?"

"आये, गौरीच्या नाचात फेर वळतो तेव्हा आतली जागच्या जागी पाय टाकते आणि बाहेरच्या बाईला पळावं लागतं ना? गाडीच्या चाकांचंही तसंच. आतलं हळू फिरलं पाहिजे, बाहेरचं जोरात. ती सवलत देणारा डबा म्हणजे डिफरन्शियल. पण आपला डबा साधा आहे. आतल्या बाईचा पाय घसरला की सगळा जोर तिलाच देतो. बाहेरची नुसती उभी."

"मंग दोघींचे हात बांधून टाकाचे," ठमाबाई म्हणाली.

"तेच. फक्त किती घट्ट बांधायचे, ते ठरवायचंय."

ते ठरवण्यात बरेच रविवार गेले. टिटवाळ्याच्या पुढे राघोशेठच्या, म्हणजे समृद्धीच्या वडिलांच्या ओळखीतल्या एका बिल्डरचं अर्धवट राहिलेलं लेआउट होतं. रस्ते आखलेले, गटारं बांधलेली, इमारत एकही नाही. तिथे ती गाडी पळवायची. सिद्धेशने चाकांच्या वर छोटे कॅमेरे चिकटवले होते. मग दोघं गाळ्यात बसून ते व्हिडिओ मागे-पुढे करत बघायचे. सिद्धेशची बायको प्रियांका डबा द्यायला आली की म्हणायची, "तुम्ही दोघं चाकंच बघत बसता होय? मला वाटलं, एखादा पिक्चर लावलाय."

"मागे प्लेटवाला," सिद्धेश म्हणाला. "त्यात वाद नाही. आतल्या क्लच प्लेटा आवळल्या की दोन्ही चाकं एकत्रच फिरणार."

"पण टू-वे नको, तो गॅस सोडला तरी आवळूनच ठेवतो. वन-पॉइंट-फाइव्ह. गॅस दिला की पूर्ण धरेल, सोडला की अर्धवट."

"मान्य. आणि पुढे?"

"पुढे गिअरवाला. त्यात प्लेटा नाहीत, गॅस दिला तरच दाते आवळतात, एरवी मोकळा."

सिद्धेशने मान हलवली. "समृद्धी, गिअरवाल्याचं एक आहे. चाक हवेत उचललं की तो काही कामाचा नाही."

"पुढचं चाक कुठे उचलतंय? दाखव मला." तिने व्हिडिओ परत लावला. "घासतंय, फिरतंय, पण जमिनीवरच आहे. आणि मी गाडी कशी वळवते, बघितलंयस ना तू? मी ब्रेकवर असतानाच नाक आत घालते. त्या क्षणी पुढच्या चाकांनी मला मोकळं सोडलं पाहिजे. तिथे प्लेटा आवळून बसल्या तर गाडी सरळच जाणार."

सिद्धेशने व्हिडिओ पुन्हा बघितला. मग आणखी एकदा. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पुढच्या-मागच्या चाकांमधला जो मधला डिफ आहे, त्याला हात नको लावू या. पुढे गिअरवाला, मागे वन-पॉइंट-फाइव्ह. ही तुझ्या हाताची गाडी होईल."

तिला ते वाक्य फार आवडलं. एखादी वस्तू आपल्या हाताची व्हावी, असं तिच्या आयुष्यात फारसं घडलं नव्हतं.

घाई करायला कारणही होतं. पुण्यात क्षिप्रा नावाच्या बाई कार रॅलीची टीम चालवायच्या. त्या स्वतः कधीकाळी चालक होत्या. त्यांच्याकडे चालकाची एक जागा रिकामी होती. त्यांनी समृद्धीला फोन करून सांगितलं होतं, "खालापूरच्या पुढच्या स्पर्धेला मी येणार आहे. तुला बघायलाच येतेय, असं समज."

सामान मागवायच्या दिवशी मितेश गाळ्यावर आला. सोबत नयन होता. ठाण्याला घोडबंदर रोडवर त्याचं गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं चकाचक दुकान. गाड्यांचे व्हिडिओ करायचा, ते लाखो लोक बघायचे. नयनने गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "भाई, सिंपल है. पुढे-मागे दोन्हीकडे प्लेट. टू-वे. फुल लॉक. बाकी सब बच्चों का खेल."

"पुढे टू-वे टाकला तर गाडी वळणार नाही," समृद्धी म्हणाली.

"वळवायला आलं पाहिजे," नयन हसून म्हणाला.

तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मितेशला लॅपटॉपसमोर बसवून तिने सगळं समजावलं. चाक कुठे घसरतंय, ती ब्रेक कुठे सोडते, का गिअरवालाच हवा. मितेशने शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्यामुळेच तिला आशा वाटली.

"तुझं बरोबर असेल," तो म्हणाला. "पण नयनच्या चॅनलवर गाडी येणार आहे. तिथे 'फुल लॉक' म्हटलं की पब्लिक येडी होते. गिअरवाला म्हटलं तर कोण बघेल?"

"दादूस, चालवते मी."

"चालवतेस, कारण मी देतो."

हे तो रागाने बोलला नव्हता. पाऊस पडतोय, असं कुणी सांगावं, तसं त्याने सांगितलं. समृद्धी सिद्धेशकडे वळली. "सिद्धेश, तू सांग याला. काय ठरलेलं आपलं? काय बरोबर आहे?"

सिद्धेश फडक्याला हात पुसत होता. हात कधीचेच स्वच्छ झाले होते. त्याने मितेशकडे बघितलं, नयनकडे बघितलं. तिच्याकडे नाही बघितलं.

"दोन्ही चालतं तसं," तो म्हणाला. "शेवटी ड्रायव्हरवर असतं."

"बघ," मितेश म्हणाला.

घरी तिने बापाला सांगून पाहिलं. राघोशेठ ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "गारी कोनाची?"

"दादूसची."

"मंग? तुला बसाला भेटते ना? तं बस नि गप चालव. पोरीच्या जातीला एवरा भेटला तं बस झाला." ठमाबाई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

नयनने सांगितलेलेच डिफ बसले. गाळ्याच्या अंगणात गाडी वळवली की खालून कडकड आवाज यायचा, जणू कुणी हाडं मोडतंय. मितेशला तो आवाज फार आवडला. नयनने त्याच्यावर एक वेगळा व्हिडिओच केला.

टिटवाळ्याच्या लेआउटवर समृद्धीने गाडी पळवून पाहिली. ब्रेक दाबून तिने स्टिअरिंग वळवलं आणि नाक सरळच जात राहिलं. तिने वेग कमी करून पाहिला, आधी वळवून पाहिलं, हँडब्रेकने शेपूट फेकून पाहिली. गाडी वळायची, पण मारून मुटकून. प्रत्येक वळणाला ती आधी भांडायची आणि मग रस्ता घ्यायची.

"निदान पुढच्या प्लेटा सैल कर," ती सिद्धेशला म्हणाली.

"मितेशने सांगितलंय, उघडायचा नाही."

"मी सांगतेय ना."

"त्याला विचार, समृद्धी. तो हो म्हणाला तर मी आत्ता उघडतो."

तिने फोन लावला. मितेश कुठल्यातरी हळदीत होता. मागे गाणं वाजत होतं. "आता काय नाटकं तुझी? तुला नसेल जमत तर नयन चालवेल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ती नाही म्हणू शकली असती. पुढे बराच काळ तिला तेच वाटत राहिलं, की नाही म्हणायला हवं होतं. पण क्षिप्रा येणार होत्या. आपण इतके दिवस या गाडीत घालवलेत, ती कशीही असली तरी आपण तिला वळवू, असा एक गर्वही मनात होता.

स्पर्धेच्या दिवशी माळावर कडक ऊन होतं. पहिल्या फेरीत ती सरळ रेषेत सगळ्यांपेक्षा वेगात होती आणि प्रत्येक वळणात तेवढंच गमावत होती. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. दुसऱ्या फेरीत तिने ठरवलं की आता जुन्या सवयीने चालवायचं. उशिरा ब्रेक, ब्रेकवरच नाक आत. उतारावरच्या उजव्या वळणाला तिने तसं केलं. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं होतं, चाकं वळलेली होती आणि गाडी सरळ जात होती. समोर टायरांची भिंत येताना तिला स्पष्ट दिसली. भिंत जोरात लागली नाही. बंपर निघाला, गाडी मातीत रुतली. चार स्वयंसेवक ढकलायला धावले.

ती हेल्मेट हातात घेऊन चालत परत आली तेव्हा नयनचा कॅमेरा सुरू होता. मितेश बोलत होता, "गाडी एक नंबर आहे. पॉवरच एवढी आहे ना, की झेपायला पाहिजे. लेडीजना अवघड जातं जरा." आजूबाजूची पोरं हसली. मितेशने तिला बघितलं आणि हात केला. "ये ये. लागलं नाय ना कुठे?"

खरंच काळजीने विचारत होता. त्यामुळेच तिला त्याच्या तोंडावर काही मारता आलं नाही.

क्षिप्राबाई तंबूमागे भेटल्या. पांढरे केस, उन्हाने रापलेला चेहरा. "तू ब्रेक कुठे दाबतेस ते मी पाहिलं," त्या म्हणाल्या. "तो उजव्या वळणाचा निर्णयही तुझ्या दृष्टीने बरोबर होता. गाडी तुझ्यासाठी बांधलेली नाही, हे मला दिसतंय."

"मग?"

"मग काय? मला पैसे देणाऱ्यांसमोर फेरीची वेळ ठेवावी लागते. 'मुलगी चांगली आहे, गाडी चुकीची होती' हे मी कोणाला सांगू? ते विचारतील, गाडी कोणाची होती? मी म्हणणार, तिच्याच घरची." त्यांनी हातातल्या वेळांच्या कागदाची घडी घातली. "मला वाईट वाटतंय. पण जागा मी रिकामी ठेवू शकत नाही."

ती जागा कोल्हापूरच्या एका मुलाला मिळाली.

मितेशचा त्या गाडीतला जीव त्यानंतर उडाला. एके दिवशी समृद्धी बाहेरून आली तर अंगणात एक उंच काळी एसयूव्ही उभी होती, हार घातलेली. सेडान नयनने घेतली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि सांगायचंही राहून गेलं होतं.

ती गाळ्यावर जायची बंद झाली. पण पावसाळ्याआधी पत्रे गळतात का हे बघायला तिला सगळ्या गाळ्यांची फेरी मारावी लागायची. त्या फेरीत सिद्धेशचाही गाळा आला. आत लिफ्टवर तीच गाडी होती. टेबलावर पुढचा प्लेटवाला डिफ उघडून ठेवलेला, प्लेटा जळून निळ्या पडलेल्या. बाजूला नवा डिफ, अजून तेलाचा हात न लागलेला.

"हा गिअरवाला आहे," ती म्हणाली.

सिद्धेश गाडीखालून बाहेर आला. "हो."

"पुढे?"

"हो."

"आणि मागे वन-पॉइंट-फाइव्ह?"

त्याने मान डोलावली. "नयनने नाशिकचा एक ड्रायव्हर घेतलाय, हितेश. तो म्हणाला, नाक वळत नाही. मी म्हटलं, मग असं करून बघू."

"'मी म्हटलं'?" तिने त्याचाच शब्द उचलला.

"समृद्धी..."

"तू म्हटलंस. छान. मी इथे बसून महिनोन् महिने काय चाकं मोजत होते? त्या दिवशी तुला एक शब्द बोलायचा होता, सिद्धेश. एक. 'ती बरोबर आहे.' माझा भाऊ माझं ऐकत नाही. पण तुझं ऐकलं असतं त्याने."

"ऐकलं असतं," सिद्धेश म्हणाला. "आणि नयनसमोर खाली पाहायला लावलं, हे लक्षात ठेवलं असतं. शेजारी पावडर कोटिंगवाला होता, आठवतोय? त्याने मितेशला चार लोकांत उलट उत्तर दिलेलं. पुढच्या महिन्यात त्याची भट्टी रस्त्यावर. कुलूप लावायला कोण आलेलं?"

तीच आली होती. घरून सांगितलं गेलं, म्हणून आली होती. का, ते तिने विचारलं नव्हतं. त्या माणसाने तिला खुर्ची दिली होती आणि ती न बसता उभी राहिली होती.

"मी तुला हा गाळा मिळवून दिला," ती शेवटी म्हणाली.

"माहितीय. रोज शटर उघडताना आठवतं. माझे वडील चोवीस तास घरात खोकत असतात, प्रियांकाला दिवस गेलेत. मला तुमच्याशी वाकडं घेणं परवडत नाही."

"तुमच्याशी? मी पण त्यांच्यात?"

"तू भोईरच आहेस ना." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुझ्याशी भांडलो असतो तर तू मला माफ केलं असतंस, मितेशने नसतं. म्हणून तुझ्या बाजूने नाही बोललो. दुसरा काही हिशेब नव्हता त्यात."

तिला वाटलं, याच्या तोंडावर थुंकावं. तो खरं बोलतोय, हेही तिला कळत होतं. पण त्याने राग कमी झाला नाही, उलट कुठे टाकायचा तेच कळेनासं झालं. तिने वर बघितलं. कोपऱ्यातला पत्रा फुटला होता.

"उद्या माणूस पाठवते," ती म्हणाली आणि निघाली.

गाडी पुढच्या स्पर्धेत पहिली आली, आणि त्याच्या पुढच्याही. नयनच्या व्हिडिओत सिद्धेश गॉगल लावून उभा होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, सेटअप काय केलाय भाऊने. सिद्धेशने तिला मेसेज केला की मी तुझं नाव घेतलेलं, त्यांनी एडिट करताना काढलं. तिने तो वाचला. खरं असेल किंवा नसेल. तिने उत्तर दिलं नाही.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, हितेश बोलतोय, नाशिकवरून. सिद्धेशभाईंनी नंबर दिला. म्हणाले, तुम्हाला या गाडीची सवय आहे."

"बोल."

"गाडी भारीच आहे. फक्त उताराला डावीकडे वळताना मागचा भाग उशिरा येतो. मला धीर होत नाही."

तिला फोन ठेवायचा होता. बोटही लाल बटणापर्यंत गेलं होतं. पण तिला तो उतार दिसायला लागला, आणि ब्रेकवरचा पाय.

"ब्रेक कधी सोडतोस?" तिने विचारलं.

"वळायच्या आधी."

"आधी नको. वळताना सोड, हळूहळू. पुढचा डिफ तुला मोकळं ठेवणार आहे, त्याच्यावर भरवसा ठेव. नाक आत गेलं की लगेच गॅस. घाबरून अर्धा दिलास तर शेपूट लटकत राहील. पूर्ण दे."

ती बराच वेळ बोलत राहिली. तो प्रश्न विचारत गेला, ती सांगत गेली. मधेच एकदा तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या राहिलोय आणि आपला ब्रेकचा पाय फरशीवर दाबला जातोय. आपल्याला हे सांगताना बरं वाटतंय, याचीच तिला चीड आली.

"थँक्स, ताई," हितेश म्हणाला. "तुम्ही आता कुठली गाडी चालवता?"

"स्कूटर."

तो मोकळेपणाने हसला. त्याला वाटलं, ती गंमत करतेय.

खालून मितेशचा हॉर्न वाजला. त्याला बाहेर पडायचं होतं आणि काळ्या गाडीच्या आड तिची स्कूटर आली होती. त्याने पुन्हा वाजवला, या वेळी लांब. ती चावी घेऊन जिना उतरली.